रंजिता माफी मागत नाही

"तुले तिकडं भांडे घासायले नेऊन राह्यले, पोरी," फुलसिंग नायक म्हणाले आणि ओट्यावर बसलेली सगळी माणसं हसली.

रंजिताही हसली. मग म्हणाली, "भांडे घासा लागले तं घासीन, काका. पण मले कोनी नेऊन नाही राह्यलं. मी जाऊन राह्यली."

रंजिता माझी नणंद. महागाव तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्यावरची पहिली नर्स, पहिली ख्रिस्ती, आणि देशाबाहेर पाऊल टाकणारीही पहिलीच. आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशात, एका खेड्यातल्या दवाखान्यात ती मिशनतर्फे निघाली होती. पंचविशी गाठायची होती अजून. मी अंजू, तिच्या भावाची, लखनची बायको. अंगणवाडीत सेविका आहे. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी सेवालाल महाराजांचा भोग लागतो आणि त्याची लापशी मीच रांधते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कोणीतरी म्हणेल की भावजयीलाही ओढलं.

बारावीनंतर रंजिता विदर्भातल्याच एका जुन्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. तिथं तिला कोणी आमिष दाखवलं नाही की धाक घातला नाही. लोक मला अजून विचारतात, म्हणून लिहिते. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती आणि सगळ्या मुलींना वॉर्डात उभं केलं होतं. वॉर्डाच्या सिस्टर रूथबाई. केस पिकलेले, निवृत्तीला टेकलेल्या. एक म्हातारा पेशंट होता. शुद्धीवर असताना तो रूथबाईंच्या हातचं पाणी पीत नसे. आधी जात विचारायचा, मग शिव्या द्यायचा. त्याची शेवटची वेळ आली तेव्हा घरचं कोणी जवळ यायला तयार नव्हतं. रूथबाई ड्युटी संपल्यावरही त्याचा हात धरून बसून राहिल्या, ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत.

रंजिताने नंतर त्यांना विचारलं, "बाई, तुमाले राग नाही येत?"

"येतो ना," रूथबाई म्हणाल्या. "चांगला येतो. म्हणून तर प्रार्थना करावी लागते."

रंजिता मला म्हणाली होती, "भाभी, राग येत नाही असं त्या बोलल्या असत्या तं मी तिथून उठून गेली असती." त्यानंतर तिने बायबल वाचायला घेतलं. भक्तीने नाही, भांडत वाचलं. पटलं नाही तिथं रूथबाईंना जाऊन विचारायची, त्यांना उत्तर आलं नाही तर त्या तसं सांगायच्या. असं वर्षभर चाललं आणि मग एका रविवारी तिने बाप्तिस्मा घेतला. घरी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते तिला ठाऊक होतं.

घरी कळलं ते दिवाळीत. अंगणात निखाऱ्यांवर भोग लावणं चालू होतं. माझे सासरे धनसिंग, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते अरदास करत होते आणि घरातलं एकेक जण चिमूटभर लापशी आणि तूप विस्तवावर सोडत होतं. रंजिताची पाळी आली. ती हात जोडून बसली होती, पण तिने ताट पुढं सरकवलं.

"मी बसते, बा. पण भोग नाही लावत."

"काहून?"

तिने सांगितलं. आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. मामाजींनी ताट उचललं आणि असं फेकलं की लापशी गोठ्यापर्यंत उडाली. त्यानंतर ते लेकीशी बोलायचे बंद झाले. एकाच घरात असूनही पाणी हवं असलं तर मला सांगायचे, "तिले म्हना, तांब्या आन."

सासूबाईंची, सुखीबाईंची, म्हणजे रंजिताच्या याडीची, तऱ्हा वेगळी. दोन दिवस त्यांनी नेहमीसारखी कामं उरकली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "तुया देव मटन खाऊ देते काय?"

"देते, याडी."

"मंग राहू दे," सुखीबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

तर अशी ही पोरगी. पुढं एका मिशन संस्थेने मलावीसाठी नर्स मागितल्या आणि हिने नाव दिलं. ही बातमी तांड्यावर पोचल्यावरच नायकाच्या ओट्यावर तिला बोलावलं होतं. फुलसिंग नायक, तांड्याचे मुखिया, वाईट माणूस नाहीत. भांडणं मिटवतात, लग्नं जुळवतात, दारूच्या भट्ट्या त्यांनीच बंद पाडल्या. पण तांड्याचं कोणतंही माणूस आपल्या हाताबाहेर गेलेलं त्यांना सहन होत नाही. त्या दिवशी ते खूप बोलले. पोरीची जात, परका मुलूख, बापाची इज्जत. रंजिताने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "काका, आपले लोक बैलाच्या पाठीवर मीठ घिऊन कुठंकुठं फिरले. कोन्या मुलखाले भ्याले नाहीत. मीच काहून भिऊ?"

जायच्या दिवशी लखन तिला मोटारसायकलवर महागावच्या स्टँडवर सोडायला निघाला. बोअरवेलजवळ बायका पाणी भरत होत्या. तिला पाहून त्या बोलायच्या थांबल्या आणि कळशीत नजर घालून उभ्या राहिल्या. रंजिताने लखनला गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, आणि एकेकीपुढं जाऊन, नाव घेऊन, मोठ्याने म्हणाली, "येतो चंदाबाई. येतो काकी. येतो मावशी." उत्तर येईपर्यंत ती जागची हलत नव्हती. शेवटी चंदाबाईच वैतागून म्हणाली, "ये माय, ये. सुखाची ये." मग ती गाडीवर बसली.

मलावीतलं तिचं जगणं मला फोनवरून कळायचं. तिथं नेट बरं असलं की व्हिडिओ कॉल, नाहीतर आवाजाचे मेसेज. मी ते अंगणवाडीची खिचडी शिजत असताना ऐकायची.

पहिला आठवडा ती रडकुंडीला आली होती. पण रडली नाही, चिडली. तिथले लोक भारतीय माणसाला म्वेन्ये म्हणतात, आणि म्वेन्ये म्हटला की शहरातला दुकानदार, गल्ल्यामागं बसलेला. ही पोरगी डोक्यावर बादली घेऊन पाण्याला निघाली तर लहान मुलं मागं लागली. म्वेन्ये पाणी भरते, म्वेन्ये पाणी भरते! दवाखान्यातल्या बायकांना वाटलं, ही चार दिवसांची पाहुणी. मग एका सुट्टीच्या दिवशी ती शेजारणीबरोबर शेतावर गेली. शेतात कापूस फुटलेला. तिथं कापसाला थोंजे म्हणतात. हिने ओढणीची झोळी कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी वेचायला लागली. बोंडाला पाचोळा न लागू देता, एका ओळीतून सरळ पुढं. बाया बघत राहिल्या. 

"भाभी, त्या मले इचारे, तुया देशात दुकानं नाहीत काय? म्या म्हणलं, हायेत, पन आमची नाहीत."

त्या दिवसापासून तिचं म्वेन्ये हे नाव गेलं आणि सगळ्या तिला रांजी म्हणायला लागल्या.

दिवस कसा जातो असं मी विचारलं की ती सगळं सांगायची. सकाळी दवाखान्याच्या पायरीवर प्रार्थना, त्यात पेशंटही बसतात. मग बाळांची वजनं. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा आणि त्यात पोर लोंबतं ठेवायचं. मलेरियाच्या तपासण्या, गरोदर बायका, जखमा. दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या ज्वारीच्या घाट्यासारखा पण मिठाशिवाय. याडीने दिलेलं तिखट ती त्यावर भुरकायची. रविवारी मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, उपासना, ढोल, नाच, घामाघूम. "आपल्या होळीसारखंच नाचतेत, भाभी. मीही नाचते. कोनी म्हनत नाही का नाचू नोको."

पण सगळंच असं गोड नव्हतं. पावसाळ्यात एक पोरगा तिच्या हातात गेला. उशिरा आणलं होतं. त्यानंतर बरेच दिवस ती प्रार्थनेला पायरीवर बसायची, पण तोंड बंद.

"मी देवाशी भांडून राह्यली," तिने मला सांगितलं.

"मंग जिंकलं कोण?"

"अजून चालूच हाये."

मला तेव्हा कळलं की हिची श्रद्धा माझ्या समजुतीतली नाही. मी देवापुढं नारळ ठेवते आणि मागणं मागते. ही देवाची गचांडी धरते आणि तरीही त्याच्याच दारात बसते.

तिथं एक पाळक होता, म्हणजे तिथल्या मंडळीचा पुढारी. एका गरोदर बाईला झटके यायला लागले तेव्हा त्याने घरच्यांना सांगितलं, हिला कुठं नेऊ नका, उपास करा, मी प्रार्थना करतो. रंजिता तिथं पोचली. बाईचे पाय सुजलेले, डोळे फिरलेले. तिथं सायकलच्या मागं खाटेसारखी गाडी जोडतात, तीच त्यांची ॲम्ब्युलन्स. रंजिताने ती आणायला लावली. पाळक आडवा आला. म्हणाला, तुझा विश्वास कमी आहे.

"असंल," रंजिता म्हणाली. "पन प्रार्थना सायकलवर बसूनबी होते. बसा तुमी तिच्यापाशी, मी ढकलते."

आणि तो खरंच सायकलीबरोबर चालला, प्रार्थना म्हणत. मोठ्या दवाखान्यात बाई वाचली. बाळ वाचलं नाही. पाळकाने नंतर कधी चूक कबूल केली नाही, पण पुढच्या खेपेला असं झालं तेव्हा सायकल त्यानेच बोलावली, एवढं तिने मला सांगितलं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगायची. मामाजी पलीकडं बाजेवर पाठ करून बसायचे. पण मेसेज संपला की ते उठून जायचे, आधी नाही.

मग तो व्हिडिओ आला.

संस्थेच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांनी, ते आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात बसतात, रंजिताला तिची साक्ष मागितली होती. साक्ष म्हणजे मी देवाकडं कशी आले ते सांगायचं. देणगीदारांना दाखवायला लागतं. तिने फोनवर बोलून पाठवलं. त्यात रूथबाई होत्या, तो म्हातारा होता, लापशीचं ताटही होतं. आणि असंही होतं की लहानपणी बापाच्या मांडीवर बसून ऐकलेल्या अरदासमुळे मला देवाशी बोलायची लाज कधी वाटली नाही.

त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांनी कापलं. उरलेल्यावर दुसऱ्याच बाईचा आवाज चढवला, उदास संगीत लावलं. तो आवाज सांगत होता की एका मागास जमातीत, दगडाधोंड्यांच्या भीतीखाली ही मुलगी वाढली. घरच्यांनी तिला मारलं, हाकललं. आणि मध्येच सुखीबाईंचा फोटो. अंगावर फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, हातभर बलोया बांगड्या, चुलीपुढं बसलेल्या, डोळ्यात धूर गेलेला. खाली लिहिलेलं: ही आई अजून अंधारात आहे.

तो फोटो रंजिता जायच्या आदल्या आठवड्यात मी काढला होता. मीच रंजिताला पाठवला होता, आईची आठवण येते म्हणाली म्हणून. तिने तो स्वतःच्या फेसबुकवर लावला, आणि तिथून त्यांनी उचलला.

तांड्याच्या ग्रुपवर तो व्हिडिओ तुळशीच्या लग्नानंतर, ऐन लग्नसराईत फिरला. मामाजींनी तो महागावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, चार ओळखीच्या माणसांत बसून पाहिला. घरी आले, बैलांना पाणी दाखवलं आणि गोठ्यातच बसून राहिले. सासूबाईंनी मला फोन दाखवायला लावला.

"काय लिव्हलं माया खाली?"

मी वाचून दाखवलं.

"अंधार?" त्या म्हणाल्या. "लाईटबिल तं दर महिन्याले भरतो." आणि मग, फोन मला परत देत, "त्या फोटूत मी तिच्यासाठीच तिखट कुटून आल्ती."

मी रंजिताला फोन लावला. तिने व्हिडिओ पाहिलाच नव्हता. मी पाठवला, तो तिने दोनदा पाहिला. मग तिने साहेबांना फोन केला. काय बोलणं झालं ते तिने मला शब्दाला शब्द सांगितलं.

साहेब म्हणाले, "सिस्टर, थोडं इकडंतिकडं होतं. पण यामुळं देवाचं काम पुढं जातं."

"खोट्यानं पुढं जात असंल तर ते देवाचं नाही, साहेब."

"तुमच्या भावना समजतात. पण तुम्ही संस्थेच्या आहात."

"मी संस्थेत आहे. संस्थेची नाही."

ते म्हणाले की मग विचार करा, परत यायचं असलं तर तसं कळवा. त्यांना वाटलं पोरगी घाबरेल.

"येतेच," रंजिता म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. लखन म्हणाला, "आता नोको येऊ. गरम हाये सगळं. तालुक्याचे धर्मवाले पोट्टे फिरून राह्यले." तिने ऐकलं नाही. "माया नावानं माया याडीले अंधार म्हणलं. मी तिकडं बसून सलाईन लावू काय?"

तुरी सोंगायच्या दिवसांत ती आली. उन्हाने काळवंडली होती, खांदे भरले होते. गळ्यात बारीक दोऱ्यात लाकडी क्रूस. दुसऱ्याच दिवशी दुपारी नायकांनी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढं बैठक बोलावली. निघताना मी तिला म्हटलं, "तो दोरा आत घाल ना, निदान आजच्या दिवस."

"आत घालायले मी काय चोरला, भाभी?"

मंदिरापुढं सगळा तांडा. पुढं पुरुष, मागं आम्ही बाया डोक्यावर पदर घेऊन. कडेला तालुक्याहून आलेली चार पोरं, मोबाईल वर धरून शूटिंग करत. रंजिता मधोमध जाऊन उभी राहिली.

फुलसिंग नायकांनी सरळच विचारलं, "तुनं आमच्या तांड्याले अंधार म्हणलं?"

"नाही. ते शब्द माये नाहीत. मले मारलं, हाकललं, हेबी खोटं हाये. बानं ताट फेकलं होतं, मले हात लावला नाही. पन व्हिडिओ माया नावानं गेला. म्हणून तोंडावर सांगायले आली. तो मी काढायले लावीन. आन याडी, तुया फोटू तुले न इचारता जगाले दाखवला, त्याचं मले लय लागलं हाये."

माणसांमध्ये जरा हालचाल झाली. नायकांचा चेहराही सैल पडला. "बरं झालं बोलली," ते म्हणाले. "मंग आता हे नारळ घे. फोड महाराजांपुढं. सांग का चुकली, माफी द्या. विषय संपला. तू आमची, आमी तुये."

कोणीतरी नारळ तिच्या हातात दिलाही. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मंदिराच्या पायरीवर नीट ठेवला. फोडला नाही.

"मी तुमचीच हाये, काका. पन चुकली नाही. माफी कायची मागू?"

एकदम गलका झाला. तालुक्याच्या पोरांपैकी एक पुढं आला. "किती लोकायले बाटवलं तिकडं? सांग ना!"

"तिकडचे लोक मायाआधीच ख्रिस्ती हायेत, दादा," रंजिता म्हणाली. "त्यांच्या आज्यापंज्यापासून. मी त्यांच्या पोरांचे वजन करते."

मागं बायांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं.

"मंग गेली कायले?"

"ते तिथल्या बायाबी इचारतेत," ती म्हणाली. "त्यांले बी सांगतलं, तुमालेबी सांगते. मले वाटलं म्हणून गेली. माया देवानं म्हणलं म्हणून गेली. तुमाले पटत नसंल तं नका पटू देऊ. पन मायासाठी रडायचं काम नाही, आन मले वाचवायचंबी काम नाही."

नायक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज थंड होता. "बहिष्कार म्हणत नाही. कायदा हाये. पन उद्या कोनाच्या लग्नात, कोनाच्या मौतीत धनसिंगले बोलावनं आलं नाही, तं ज्यानंत्यानं समजून घ्यावं."

सगळ्यांच्या माना मामाजींकडं वळल्या. ते पुरुषांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. गुडघ्यावर हात टेकून उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना बैठकीत बोलताना ऐकलं नव्हतं.

"पोरगी चुकली असं मले वाटते," ते म्हणाले. "तवाबी वाटलं, आजबी वाटते. पन ते मी तिले सांगीन, माया अंगनात. तुमी मले नोको सांगू, नायक, का मी माया पोरीले घरात घेऊ का नोको." मग तालुक्याच्या पोरांकडं वळून, "आन तुमी ते मोबाईल खाली करा. इथं कोनाचा तमाशा नाही."

ते चालत रंजिताजवळ गेले. तिला जवळ घेतलं नाही. नुसते घराच्या दिशेने चालू लागले आणि थोडं पुढं जाऊन थांबले, ती मागं येते की नाही ते बघायला. ती निघाली. सासूबाई निघाल्या. मी डोक्यावरचा पदर मागं सारला. सासऱ्यांपुढं, नायकापुढं, सगळ्या तांड्यापुढं उघड्या डोक्याने मंदिराचं अंगण ओलांडलं.

घरी गेल्यावर मामाजींनी खरंच तिला सुनावलं. तासभर. इतक्या वर्षांचं तुंबलेलं. धर्म, कुळ, म्हातारपण, लोक. ती समोर बसून उत्तरं देत होती, दोघंही ओरडत होते, आणि सासूबाई मला डोळ्याने खुणावत होत्या, चहा ठेव. बाप लेकीशी बोलत होता.

सगळं काही नीट झालं असं नाही. रंजिता संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसली, व्हिडिओ काढेपर्यंत उठणार नाही म्हणाली. काढला त्यांनी. पण तोवर त्याच्या किती नकला कोणाकोणाच्या फोनमध्ये गेल्या, त्या काही निघाल्या नाहीत. संस्थेने तिला कमी केलं. फुलसिंग नायकांनी शब्द पाळला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या पुतण्याचं, जीवनचं, लग्न झालं. शेजारच्या घरापर्यंत पत्रिका आली आणि आमचं दार सोडून पुढं गेली.

सासूबाई तरीही गेल्या. "नवरी रडन कोनासंगं?" म्हणाल्या. आमच्यात नवरी निघताना ढावलो म्हणते, गळ्यात गळे घालून गायचं ते रडगाणं, आणि ते शिकवायला सुखीबाईच लागतात. आणि रंजिताही गेली. पंगतीत बसली. शेजारच्या दोघी उठून दुसऱ्या रांगेत गेल्या. तिने ताट ओढून घेतलं, पोटभर जेवली आणि वाढणाऱ्याला हाक मारून पुन्हा भात मागितला. त्याने नायकांकडं पाहिलं. नायकांनी दुसरीकडं पाहिलं. त्याने भात वाढला.

तांड्यावर असलेले ते सगळे महिने ती दर रविवारी आमच्या ओट्यावर बसून बायबल वाचायची, मोठ्याने, मराठीतलं वाक्य वाचून मग आमच्या गोरबोलीत सांगत. ऐकायला कोणी नसायचं. मी आत भाकरी टाकत असायची. मामाजी समोर दोर वळत. एकदा ते म्हणाले, "इतक्या जोरानं कायले वाचते?"

"पलीकडच्या घरायले ऐकू जाव म्हणून."

"त्यायले नोको सांगू, ते बहिरे हायेत," मामाजी म्हणाले आणि दोर वळत राहिले. त्यांचा धर्म बदलला नाही, मत बदललं नाही. फक्त ते उठून गेले नाहीत.

शेवटी मलावीतल्या त्या खेड्याच्या मंडळीनेच तिला बोलावलं. ज्या बायांनी तिच्याबरोबर थोंजे वेचला होता त्यांनी पाळकाच्या मागं लागून ते घडवून आणलं. आता ती कोणत्याही संस्थेची नाही. त्यांच्यातच राहते, त्यांच्यासारखंच खाते. ह्या वेळी लखनने तिला स्टँडवर सोडलं तेव्हा मामाजीही मागच्या गाडीवर गेले होते. बस निघेपर्यंत ते तिच्या खिडकीखाली उभे होते आणि तिकडं तुरी होतात का, एवढंच विचारत होते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी झालंय. म्हणाली, ती सायकलवाली बाई, जिचं बाळ गेलं होतं, तिला उपासनेत उभं राहून दोन शब्द बोलायचे होते. तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, बाईमाणसाने पुढं येऊन बोलायची रीत नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. म्या म्हणलं, ठीक हाये, पुढं नाही येत. आमी दोघीबी सगळ्यात मागं जाऊन उभ्या राह्यलो, आन ती तिथूनच बोलाले लागली."

"आन त्या लोकांनी काय केलं?"

फोनमध्ये रंजिता खळखळून हसली. "काय करतीन, भाभी? सगळेच्या सगळे मान मोडून मागं पाहून राह्यले होते."